फोटोखालची ओळ

“हाच! पहिल्या पानावर हाच जाणार!” संपादक मार्लेनने पडद्यावर बोट ठेवलं.

फोटोत हेंक होता. कोर्टाने बंदी घातलेल्या मोटरसायकल टोळीतला जुना गडी, दंडांवर कवट्या गोंदवलेल्या. डोळे वटारलेले, तोंड वासलेलं, पंजा थेट कॅमेऱ्यावर. बघणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावं असा.

मृण्मयीने स्वेटरची बाही खाली ओढली. नवऱ्याच्या व्हिसावर परदेशात, टिलबर्गला आल्यापासून तिने चार वर्षं मराठी मंडळींची बारशी आणि डोहाळजेवणं कॅमेऱ्यात टिपली होती. या वर्तमानपत्रात छायाचित्रकार म्हणून लागून जेमतेम तीन महिने झाले होते. नोकरी पक्की होणार की नाही, ते हेंकवरच्या याच लेखावर ठरायचं होतं.

पण मार्लेनला कोपरावरची पट्टी दिसलीच. “हे त्याने केलं?”

“त्यानेच ओढलं मला. पण ते...”

“अगं, मग हीच बातमी! आमच्या छायाचित्रकारावर टोळीवाल्याचा हल्ला!” मार्लेन मथळा टाइप करायलाही लागली. असा तयार मथळा हाती आल्यावर ‘पण’ ऐकतो कोण?

मृण्मयीला हेंकचं स्वयंपाकघर आठवलं. कॉफीबरोबर त्याने एकच बिस्किट दिलं आणि डबा लगेच बंद केला. पुणेकरीण असूनही ती थक्क झाली होती. टोळीतली पापं मात्र त्याने डबा उघडा ठेवून सांगितली. तुरुंगाची वर्षंही सांगितली. आता तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात नेणारी गाडी चालवत होता. “केलं ते सगळं लिहा,” तो म्हणाला होता, “न केलेलं तेवढं लिहू नका.”

हल्ल्याची बातमी छापून आली की त्याच्या हातून ती गाडी सुटलीच. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि आपण बाही ओढून गप्प बसलोय! मृण्मयीला स्वतःचीच लाज वाटली.

त्या कचेरीत एक नियम होता. फोटोखालची ओळ फोटो काढणाऱ्यानेच लिहायची, आणि तिला संपादकानेही हात लावायचा नाही. हातातोंडाशी आलेला घास जाणार, हे तिला कळत होतं. तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं:

‘फोटो काढण्याच्या नादात मागे सरकत भरधाव सायकलींच्या वाटेत गेलेल्या आमच्या छायाचित्रकाराला ओरडून सावध करताना आणि ओढून वाचवताना हेंक, वय एकसष्ट.’