विटांवरची लिली

मागच्या दाराची कडी खट्टकन वाजली आणि घरातली शांतता मोडली. दवाखान्यातून बाळाशिवाय परत आल्यापासून ती आज पहिल्यांदाच बागेत आली होती. पाच वर्षांच्या लेकीने बाबांच्या मागे लागून नर्सरीतून वॉटर लिली आणवली होती. छोट्या तळ्याला शोभेल अशी छोटी, गुलाबी.

कुंडी थेट तळाशी ठेवायला तिने पाण्यात हात घातला, तशी लेक ओरडली, “अगं आई, वेडी आहेस का? नर्सरीवाले काका काय म्हणाले! आधी विटांवर ठेवायची. पानं वर आली, की एकेक वीट काढून घ्यायची.”

“बरं बाई, मास्तरीणबाई!” कितीतरी दिवसांनी ती हसली. “आणि एकदम खाली ठेवली तर काय बिघडतं गं?”

“कोवळी असते ना ती! तिला वरपर्यंत येताच येत नाही. आतल्या आत कुजून जाते.”

बोलता बोलता लेक मध्येच थांबली. हातातली वीट तिने हळूच काठावर ठेवली.

 

“आई, मग बाबांनी आपल्या बाळाला मातीत एवढं खोल का ठेवलं?”