खडूस

खडूसच्या नाकाचा मुका घ्यायला रांग लागली होती.

खडूस म्हणजे एक लाकडी मुखवटा. थीम पार्कच्या रिसॉर्टमधला रात्रीचा क्लब बंद झाला, त्या जागी खेळण्यांचं दुकान आलं, आणि क्लबच्या भिंतीवरचा हा मुखवटा एका हौशी माणसाने लिलावात उचलला. आज दुपारी रिसॉर्टच्या हॉलमध्ये क्लबच्या जुन्या गिऱ्हाइकांचा मेळावा होता. माणसं चांगली पन्नाशी-साठीची. एक जण नाकावर ओठ टेकवून डोळे पुसत बाजूला व्हायचा, की त्याच ओल्या नाकावर पुढचा. बाबांना घेऊन आलेल्या मुलीला बघूनच शिसारी आली.

"बाबा, आपण परत जाऊ या का?"

"गप गं. एवढ्या आठवणीने बोलावलंय."

बाबांनी कोटाला स्वतः इस्त्री केली होती. केस काळे केले होते, आणि कानाच्या पाळीलाही थोडा रंग लागला होता. क्लब चालू होता तोवर रोज रात्री ते त्या भिंतीमागच्या कपाटाएवढ्या खोलीत बसायचे. मुखवट्याच्या डोळ्यांतून माणसं बघायची, दोरीने जबडा हलवायचा आणि येईल त्याची यथेच्छ टर उडवायची. लोक त्यासाठीच यायचे. नियम एकच, आतल्याने कुणाला दिसायचं नाही. आज एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणावं, "अरे, हाच तो!" एवढ्यासाठी म्हातारा नटून आला होता.

आयोजक छातीवर क्लबचा जुना बिल्ला मिरवत आला. "आलात? या, या. इकडून, पडद्यामागून."

"मागे कशाला?" मुलगी म्हणाली. "पुढे उभे राहून बोलतील की."

"अहो ताई, बोलणारा दिसला की मजाच गेली. लोकांनी तिकिटं काढलीत."

"नंतर ओळख करून देणार ना?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे काय! शेवटी देतो ना."

मुखवट्याच्या मागच्या बाजूला तोंडापाशी वाळलेल्या थुंकीचा पिवळा थर होता. कुबट वास येत होता. मुलीने नाकाला पदर लावला. बाबा हसले. "घाबरू नकोस. माझीच आहे."

बाहेरून कुणी बाई ओरडली, "खडूस, मी आले!"

"आलीस? मग काय तोफा डागू?" बाबांचा आवाज एकदम खरखरीत, चढा, तरुण झाला. "इतकी वर्षं कुठे उलथली होतीस? आणि मागचा हा ढेरपोट्या कोण? नवरा? अरेरे, दुकानात दुसरा नव्हता का?"

हशाने हॉल नुसता दणाणून गेला. तो ढेरपोट्या तर हुंदके देऊन रडायला लागला. "तू होतास म्हणून आम्ही होतो रे!"

मुलीला किळस आली, आणि ती तिने लपवली नाही. या लोकांना शिव्या द्यायला आवाज वाचवायचा म्हणून तिच्या लहानपणी बाबा दिवसभर घरात खुणांनी बोलायचे. पाणी हवं तर बोटाने तांब्या दाखवायचे. तिला रागवायचं असलं तरी नुसती टिचकी. सगळं बोलणं या गळेपडूंनी खाल्लं होतं, आणि अजून यांचं पोट भरत नव्हतं.

अखेर आयोजकाने माइक घेतला. हॉल देणाऱ्यांचे आभार, जेवण देणाऱ्यांचे आभार, मुखवटा आणणाऱ्याचे तर दोनदा. "आणि आपल्या लाडक्या खडूसचे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माइक बंद झाला.

"हा काय चावटपणा!" मुलगी उठली. बाबा तिच्या आधी उठले. कोट खाली ओढून त्यांनी पडदा सारला आणि स्वतःच बाहेर येऊन उभे राहिले. हसरा चेहरा करून. हात किंचित पुढे, कुणी हातात घेतलाच तर असावा म्हणून.

कुणी बघितलं नाही. सगळे फोटोसाठी मुखवट्याला खेटत होते. मघाची ती बाई तेवढी लगबगीने आली. तिच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं.

"आजोबा, रिकामेच आहात ना? आमचा एक फोटो काढा." तिने फोन त्यांच्या त्या पुढे केलेल्या हातात कोंबला.

"अहो बाई, हेच तर—" मुलगी पुढे धावली. बाबांनी तिचं मनगट घट्ट दाबलं.

त्यांनी फोन तोंडासमोर धरला. मग त्याच खरखरीत, चढ्या आवाजात म्हणाले, "सरका जवळ, मेल्यांनो. हसा!"

सगळे खदखदून हसले, आणि सगळ्यांनी माना वळवून मुखवट्याकडे बघितलं.

बाबांनी बटण दाबलं.

बाईने फोन घेऊन फोटो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो आजोबा, हे काय केलंत? एकाचंही तोंड दिसत नाहीये."