समोरच्या काठचा दगड

पोचन्नानं दगडाच्या बुडाशी लोखंडी सब्बल घातली, तेव्हा मारोतराव तुरीआड उकिडवे बसून पाहत होते. पलीकडच्या राज्यातला माणूस, आपल्या काठावर, आणि तोही नदीपात्राच्या मोजणीच्या दिवशी! सापडला चोर, मारोतराव मनात म्हणाले.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर चुन्यानं रंगवलेला एकेक उभा दगड. पूल नव्हता तेव्हा डोंगेवाले समोरचा पांढरा दगड नाकासमोर धरून नदी पार करायचे. ज्याला जो दगड दिसायला हवा, त्यानं तो सांभाळायचा. म्हणून इकडचा दगड राखायचं काम पोचन्नाच्या घराकडे आणि तिकडचं मारोतरावांच्या. निजामाच्या काळात दोन्ही सरकारांनी तसं ठरवून दिलं होतं, आणि वर अट: समोरचा दगड ज्यानं राखला नाही, त्याचा नदीच्या पात्रातला वाटा गेला. पुढे पूल झाला, डोंगे काठावरच सडले. दगडांना कोण विचारतो? पण पात्रातली डांगरवाडी दोन्ही घरं अर्धी अर्धी करत आली. मारोतरावांच्या घरचा उन्हाळा त्या टरबुजांवरच निघायचा.

पोचन्नाबद्दल त्यांना संशय आजचा नव्हता. हा माणूस गोड बोलतो, सणाला डबा पाठवतो, कोणी फुकट पाठवतं का? दोन वर्षांपूर्वी त्यानं निरोप धाडला होता, एकदा तिकडं येऊन जा म्हणून. का बोलावतो ते तेव्हा कळेना, म्हणून मारोतराव गेलेच नाहीत. आता कळलं. आपण तिकडं पाहुणचार झोडायचा आणि यानं इकडं दगड सरकवून वाटा वाढवायचा. वा रे पठ्ठ्या!

सून दिपाली मागे उभी होती. त्याच्याजवळ चुन्याची बादलीही आहे, असं ती हळूच म्हणाली.

"तू फोन लाव," मारोतराव म्हणाले. "सारी डांगरवाडी आज आपली होते."

मुकुटबनकडून मोजणीची गाडी निघालीच होती, ती थेट काठावर आली. मोजणीच्या मॅडमनं आधी मारोतरावांना शांत केलं. दोन्ही राज्यांचं ठरलंय, ज्याचा वाटा त्यालाच ठेवायचा, जुन्या भानगडी उकरायच्या नाहीत, असं त्यांनी समजावलं. पण मारोतराव कशाचे ऐकतात! जुनी अट त्यांना तोंडपाठ होती. ती त्यांनी जमलेल्या गावासमोर म्हणून दाखवली आणि बजावलं, "अटीपरमानं करा, मॅडम. मले दुसरं काही नाही पायजे."

मॅडमनं सुस्कारा सोडला आणि दगडापाशी वाकून पाहिलं. दगड जागचा हलला नव्हता. पुरानं खालची माती नेली होती, तिथं पोचन्ना सब्बलीनं दगडगोटे ठासत होता. वरचा चुना अजून ओला होता. मॅडमनं दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. दगड ढिम्म.

"हा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता अट काढलीच आहे, तर समोरचाही पाहावा लागेल. तो कोणाकडे?"

दिपाली सासऱ्यांकडे पाहायला लागली. मारोतरावांनी कपाळावर हात धरून नदीपलीकडे पाहिलं. लहानपणी तो पांढरा ठिपका घरच्या अंगणातून दिसायचा. आता तिथं वेडी बाभूळ होती आणि तिच्याखाली कोसळलेली दरड. नजर पुन्हा पुन्हा काठावरून फिरली. पांढरं काहीच नव्हतं.

पोचन्नानं सब्बल खाली ठेवली.

"त्याच्यासाठीच तर बोलावलं होतं, मारोतरावजी," तो म्हणाला. "तवा तो नुसता कलला होता."