नकाशातलं बेट

जुन्नरच्या एका खोलीत अंध मुलांसाठी पुस्तकांच्या कॅसेट भरल्या जायच्या. त्या दिवशी अश्विनीपुढे समुद्राचा तीनशे वर्षांपूर्वीचा नकाशा होता. ‘निळा’ हा शब्द तिने वाचायच्या कागदावरून आधीच खोडून टाकला होता. किनारा तिने भाकरीच्या चिरा पडलेल्या कडेसारखा सांगितला, शिडाची गलबतं सांगितली, आणि भर समुद्रातल्या एका बेटापाशी ती आली तोच रामनाथ सरांनी टेप थांबवला.

“ते बेट गाळ. असलं बेट कुठंच न्हाई. खलाशांनी लांबून ढग पाहिला आन् दिलं ठोकून. आपल्या पोरांच्या डोक्याला उगा ताप कशाला?”

“नाही सर, ते तर सांगायलाच पाहिजे,” अश्विनी म्हणाली. “आमच्या घाटघरला पावसाळा सरता सरता सकाळी कड्यावर उभं राहिलं, की खालचं कोकण पांढऱ्या ढगांनी काठोकाठ भरलेलं असायचं. आम्ही पोरं शपथेवर सांगायचो, समुद्र वर आलाय. पावणे यायचे, त्यांनाही न्यायचो दाखवायला. तेसुद्धा बघून हात जोडायचे. फक्त आमच्या कुशामावशीला ते कधी पटलं नाही.”

“का बरं?”

“तिला दिसत नव्हतं ना. कड्यावर यायची, जरा कान द्यायची आणि म्हणायची, ‘आरं, समिंदर असता तर वाजला नसता व्हय?’”