अर्ध्याचं अर्धं

सरपंच वर्गाच्या दारातच गुटख्याची पिचकारी मारून आत आले, तेव्हाच संतराम सरांना शिसारी आली होती. तपासणीला आलेले साहेब वर्गातच रचलेल्या हळदीच्या पोत्याला टेकून चहा पिऊन राहिले होते. सर पाचवीला अपूर्णांकांचा गुणाकार चौकोन काढून शिकवत होते.

"अर्ध्याचं अर्धं किती, दाखव बरं," सर म्हणाले.

आफिफानं फळ्यावर वर्गखोलीच काढली. मधोमध उभी रेघ मारली. "ही अर्धी सरपंचकाकाच्या पोत्यांची." मग आरपार आडवी रेघ ओढली. "राहिलेल्या अर्ध्यातली अर्धी दुसरीच्या लेकरांची, त्यांच्या खोलीचे पत्रे उडाले. चारातला हा एक भाग आमचा. पाव."

सरांच्या जिवात जीव आला. त्यांना जे तोंडातून काढायची हिंमत झाली नव्हती, ते पोरगी सगळ्यांसमोर बोलून मोकळी झाली होती.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांकडे बघून हसले आणि आपला पिवळा हात सरांच्या खांद्यावर ठेवला.

"सर, ही पोती अजिबात हलवू नका. इतकं जिवंत शैक्षणिक साहित्य तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याच शाळेत नाही."