ताटावरचं मौन

कुमुदने पहिला घास घेतला आणि सासूबाईंनी तोंड उघडलं. "तूच चिथावलं आहेस माझ्या धाकट्या लेकाला! नाहीतर मिरजेत वेगळं बिऱ्हाड करायचं त्याच्या डोक्यात आलं असतं कुठून?"

कुमुदचा चातुर्मासाचा नेम होता. एकभुक्त राहायचं, तेही मौन धरून. जेवताना शब्द निघाला, तर ताटावरून उठायचं, ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी. सकाळपासून ओट्याशी उभं राहून तिचे पाय भरून आले होते. तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

"आहे का बोलायला जागा? मनात पाप असलं की अशीच दातखीळ बसते!"

समोर धाकटा दीर आमटीभात कालवत होता. मिरजेचं त्याने स्वतःच ठरवलं होतं. 'जाऊ नका भावजी, आई खचतील,' म्हणून उलट कुमुदनेच त्याला विनवलं होतं. तो मान खाली घालून कालवतच राहिला.

तिने हातातला घास ताटात ठेवला. "भावजी, माझं मौन व्रताचं आहे. तुमचं कशाचं?"

त्याचा हात थांबला. "आई, वहिनी नकोच म्हणत होती. मीच ठरवलंय," तो पुटपुटला.

सासूबाई भाताचं पातेलं पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "जेव गं. देव काही एवढं मोजत नाही."

"मी मोजते ना, आई," म्हणत कुमुद उठली. हात धुताना तिला भुकेपेक्षा झोपच जास्त येत होती.