चहानंतर उलगडा

२०१८ सालची गोष्ट. कोकणात लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कंपनीत मॅनेजरांचं प्रशिक्षण होतं. आखणी नम्रताची. त्यात तिने एक परीक्षा ठेवली होती. मोठ्या साहेबांनी मुद्दाम चुकीचा हुकूम सोडायचा आणि 'नाही' म्हणणारा कोण निघतो ते बघायचं. उलगडा चहानंतर. हुकूम कोणता, ते साहेबांनीच ठरवलं.

"गॅसगळतीचा भोंगा उगाच केकाटतो," साहेब म्हणाले. "त्याच्या तारा काढून टाका. काम थांबता कामा नये."

देवळात गाऱ्हाण्याला 'होय महाराजा' म्हणावं, तसे सगळे एका सुरात म्हणाले, "हो सर."

हा हुकूम नम्रतालाही नवा होता. तरी ठरल्याप्रमाणे ती म्हणाली, "चहा घेऊ या."

चहाचा एक कप तसाच उरला.

"विनोदराव कुठे गेले?" नम्रताने विचारलं.

"प्लँटवर! साहेबांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिलाय?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

नम्रताचा धाकटा भाऊ सुजय त्या पाळीला प्लँटवरच होता. आत मोबाइल नेऊ देत नसत. प्लँटवरचा फोन कुणी उचलेना. ती पळत सुटली. वाटेत चप्पल तुटली, ती तिथेच टाकली.

सुजय टाक्यांपाशी उभा होता. तिला बघून हसला.

"काय गो ताय, तू इकडं? बघ, आता कसं शांत वाटतंय. सकाळपासनं जीव खाल्लान होता मेल्या भोंग्यानं."

पलीकडे विनोद सुट्या तारा धरून उभा होता.

"जोडा त्या!" ती ओरडली. "ती परीक्षा होती हो, नुसती परीक्षा!"

विनोदला कळायला वेळ लागला. मग त्याने एकेक तार जोडली.

त्याच क्षणी भोंगा वाजू लागला. थांबेचना. सुजय खोकायला लागला.

जीव सगळ्यांचे वाचले. साहेब निवृत्त झाले. सुरक्षिततेवर भाषणं देतात. विनोदचं सावर्ड्याला किराणा दुकान आहे. शाळेची घंटा झाली की तागडी धरलेला हात अजून थांबतो. सुजय केळशीला बागेत असतो. दम लागतो म्हणून त्याला कलमावर चढवत नाही, खाली बसून आंबे निवडतो.

नम्रता अजूनही प्रशिक्षणं आखते. पहिल्या तासाला ती त्या त्या कंपनीच्या साहेबांनाच समोर बसवते आणि एकेका मॅनेजरला उभं करून त्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणायला लावते.

पहिल्यांदा कुणाचाच आवाज फुटत नाही.